मुंबई दर्शन : दानाच्या खुणा शोधताना

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाशिक, जळगाव अशा ठिकाणच्या घराघरांत मुंबईचा विषय निघतो. मुलांना समुद्र पाहायचा असतो, आजीला वाळकेश्वरच्या देरासरात आदिनाथ प्रभूंचे दर्शन घ्यायचे असते आणि कर्त्या माणसाला दोन-तीन दिवसांत, बेताच्या खर्चात, सर्वांचे समाधान करायचे असते. ‘मुंबई दर्शन’च्या बसमध्ये बसले की सकाळपासून रात्रीपर्यंत पंधरा-वीस ठिकाणे खिडकीतून दिसतात, परंतु परत आल्यावर मुलांच्या आठवणीत राहतात ती गर्दी, ऊन आणि आइसक्रीम. ‘दर्शन’ हा शब्द आपण मंदिरात ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थाने हे शहर पाहायचे असेल, तर थोडी निवड करावी लागते आणि थोडा इतिहासही सोबत न्यावा लागतो.

श्रावकाचाराच्या ग्रंथांत दानाचे प्रकार सांगितले आहेत. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान हे चार आपण पाठशाळेत शिकतो. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आहार आणि औषध यांच्या जोडीला उपकरण आणि आवास यांचाही उल्लेख केला आहे. मुंबईच्या जडणघडणीत जैन व्यापाऱ्यांचा वाटा मोठा आहे आणि या दानांच्या खुणा शहरात आजही उभ्या आहेत. त्या खुणांच्या मागोव्याने आखलेला तीन दिवसांचा हा कार्यक्रम आहे. प्रसिद्ध स्थळे यात सुटत नाहीत. फक्त त्यांच्याकडे पाहण्याची बाजू बदलते.

पहिला दिवस : कोटातील मुंबई

आरंभ गेटवे ऑफ इंडियापासून करावा. सकाळी लवकर गेले तर गर्दी नसते. १९१३ मध्ये पायाभरणी झालेली आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेली ही कमान जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाची. सुमारे २६ मीटर उंचीच्या या कमानीची शैली गुजरातमधील सोळाव्या शतकातील वास्तुकलेच्या वळणाची आहे. सम्राटाच्या आगमनाची आठवण म्हणून ती बांधली गेली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून निघून गेली. मुलांना एवढी एक गोष्ट सांगितली तरी त्या दगडांना अर्थ येतो.

तेथून चालत दहा मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. हीही विटेट यांचीच वास्तू. १९२२ पासून ती लोकांसाठी खुली आहे. आपल्या वाचकांनी येथे किमान दोन तास ठेवावेत. या संग्रहात बाहुबलींची एक कांस्यमूर्ती आहे. ती जेमतेम दीड-दोन फुटांची. पण हातापायांवर चढलेल्या वेली, खांद्यांवर रुळणारे केस आणि चेहऱ्यावरची निश्चल शांती यांमुळे ती भारतीय कांस्यशिल्पातील उत्कृष्ट कृतींपैकी एक मानली जाते. श्रवणबेळगोळची सत्तावन्न फुटी महामूर्ती इ. स. ९८१ च्या सुमाराची; अभ्यासक या लहान मूर्तीला त्याहून प्राचीन मानतात. महामस्तकाभिषेकाला जाऊन आलेल्या कुटुंबाला ही मूर्ती पाहताना विशेष आनंद होईल. खानदेशातील चहार्डी येथे मिळालेली ऋषभनाथांची चोवीसीही याच संग्रहालयाची. दालनांतील मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून आत शिरताच जैन शिल्पांची चौकशी करावी.

दुपारच्या विश्रांतीनंतर ओव्हल मैदानाच्या कडेने चालत जावे. एका बाजूला मुंबई विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातील आर्ट डेको घरे. हा संपूर्ण परिसर २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. याच मैदानासमोर, ताडांच्या रांगेमागे, ८५ मीटर उंचीचा राजाबाई मनोरा उभा आहे.

या मनोऱ्याची कथा मुलांना सावकाश सांगावी. शेठ प्रेमचंद रायचंद हे सुरतेत जन्मलेले जैन व्यापारी, मुंबईच्या शेअर बाजाराच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर अवाच्या सवा किमतींना विकले जाऊ लागले. या सट्ट्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. त्याच भरभराटीच्या काळात, १८६४ मध्ये, त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला नाव दिले गेले ते त्यांच्या आईचे, राजाबाईंचे. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी सौदे पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा शहरातील असंख्य घराणी धुळीला मिळाली. स्वतः प्रेमचंदही बुडाले. मनोऱ्याचे काम मात्र १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झाले.

असे सांगतात की राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचे व्रत त्या काटेकोरपणे पाळीत. घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने हा मनोरा उभारला. ही आख्यायिका असली तरी ती टिकून राहिली, यातच समाजाच्या मनात कोणती गोष्ट मोलाची होती हे दिसते. आपल्या दृष्टीने यातील बोध हिशेबाचा आहे. प्रेमचंदांनी जे साठवले ते एका वर्षात गेले. जे देऊन टाकले ते दीडशे वर्षांनंतरही विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडत आहे. परिग्रह-परिमाण व्रत मुलांना समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. मनोऱ्यावर चढण्याची परवानगी सामान्यतः नसते; मैदानातून पाहावे आणि टोल ऐकावेत.

येथून हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांना वंदन करून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जावे. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी रचलेली ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा ठरली. तिच्या दगडी कोरीव कामात प्राणी-पक्षी भरलेले आहेत. किती दिसतात ते मुलांनी मोजावे. अर्धा तास मजेत जातो.

सूर्यास्ताचा प्रश्न

चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांना प्रवासात संध्याकाळची चिंता असते. मुंबईत डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर मेअखेर सात वाजून गेल्यावर. म्हणजे थंडीच्या दिवसांत साडेचार-पाच वाजताच जेवणाच्या ठिकाणी पोहोचायला हवे. वाहतुकीचा विचार करता शेवटचे स्थळ भोजनाच्या जागेजवळचे निवडावे. भुलेश्वर, पायधुणी, वाळकेश्वर या भागांत भोजनशाळांची आणि सात्त्विक जेवणाची सोय सहज होते. आयंबिलची व्यवस्था हवी असल्यास आदल्या दिवशी कळवलेले बरे. हॉटेलांत ‘जैन’ म्हणून सांगितले की कांदा, लसूण, बटाटा टाळून देतात. कच्च्या केळ्याची पावभाजी ही तर या शहराची खासियत. तरीही ऑर्डर देताना कंदमुळे नकोत हे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण प्रत्येक वाढप्याला ‘जैन’ या शब्दाचा पूर्ण अर्थ ठाऊक असतोच असे नाही. उकळलेल्या पाण्याची बाटली सोबत ठेवावी.

आणि एक गोष्ट अशी की, मरीन ड्राइव्हवर हजारो लोक सूर्यास्त पाहायला जमतात तेव्हा त्यांचे अर्धे लक्ष भेळेकडे असते. जेवण उरकून आलेल्या कुटुंबाला मात्र त्या साडेतीन किलोमीटरच्या वळणावर निवांत बसता येते. सूर्य पाण्यात टेकला की आजी-आजोबांनी नवकार म्हणावा, नातवंडांनी साथ द्यावी. व्रतामुळे सहलीत अडचण येते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा अनुभव जरूर घ्यावा.

दुसरा दिवस : पायधुणी ते वाळकेश्वर

मुंबई मूळची सात बेटे. बेटांमधल्या खाडीतून चालत पलीकडे आलेले लोक जेथे पाय धूत, ती जागा पायधुणी. आज तेथे पाण्याचा मागमूस नाही. पण पाय धुऊन आत जाण्याचे एक ठिकाण आहे, ते म्हणजे श्री गोडीजी पार्श्वनाथ जिनालय. १८१२ मध्ये येथे प्रतिष्ठा झाली आणि २०१२ मध्ये द्विशताब्दी साजरी झाली. बाजाराच्या कोलाहलातून एकदम गाभाऱ्यातील शांततेत प्रवेश होतो. सकाळची पूजा येथे करावी असे सुचवावेसे वाटते.

जवळच भुलेश्वर भागात मुंबई पांजरापोळ आहे. सहलीच्या पुस्तकांत हिचे नाव क्वचितच सापडते, पण आपल्या दृष्टीने हे शहरातील एक तीर्थच आहे. १८३२ मध्ये सरकारने रस्त्यावरची मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला. पारशी समाजातून विरोध सुरू झाला. जैन आणि हिंदू व्यापारी त्यात सामील झाले, दुकाने बंद पडली आणि शहर ढवळून निघाले. हा संघर्ष केवळ निषेधावर संपला नाही. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद म्हणजेच मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने ही पांजरापोळ उभी राहिली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने लागा बसवून तिचा खर्च चालवला. एक पारशी आणि एक जैन यांनी मिळून मुक्या प्राण्यांना दिलेले हे अभयदान आहे. मुलांना गाईंना चारा घालू द्यावा आणि सोबत ही हकिकतही सांगावी. भटक्या प्राण्यांचा प्रश्न आजही प्रत्येक गावात वादाचा आहे. त्या काळच्या लोकांनी विरोध करतानाच पर्यायी व्यवस्थेची जबाबदारीही उचलली, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तेथून सी. पी. टँकजवळचे हिराबाग. दानवीर शेठ माणिकचंद जव्हेरी यांनी वडील हिराचंद यांच्या स्मरणार्थ बांधलेली ही धर्मशाळा. मोत्यांच्या व्यापारात मिळवलेली संपत्ती त्यांनी धर्मशाळा, तीर्थरक्षा आणि विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगांसाठी खर्च केली. कोल्हापूरसह अनेक शहरांत गरीब जैन मुलांच्या निवासाची सोय त्यांच्या साहाय्याने झाली. आपल्यापैकी कितीतरी घरांतील आजोबा-पणजोबा अशा बोर्डिंगांत राहून शिकले असतील. याच हिराबागेतून पंडित नाथूराम प्रेमी यांनी हिंदी ग्रंथ प्रकाशनाचे मोठे कार्य केले आणि शेठजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने निघालेल्या ‘माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाले’तून अनेक दुर्मिळ संस्कृत-प्राकृत ग्रंथ उजेडात आणले. शेठजींच्या कन्या मगनबाई यांनी तरुण वयात आलेले वैधव्य दुःखात न घालवता स्त्रियांच्या शिक्षणासाठी श्राविकाश्रम चालवला. आवासदान आणि शास्त्रदान या एकाच घराण्याच्या कार्यात एकवटलेली दिसतात.

दुपारी गावदेवीतील मणिभवन पाहावे. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधी मुंबईत आले की येथेच उतरत. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची आखणी येथे झाली आणि ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे याच घराच्या गच्चीवरून त्यांना अटक झाली. हे घर रेवाशंकर जगजीवन जव्हेरी यांचे. या रेवाशंकरभाईंच्या पेढीत भागीदार होते श्रीमद् राजचंद्र. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन गांधीजी मुंबईत उतरले, तेव्हा त्यांची आणि राजचंद्रांची पहिली भेट झाली. जवाहिऱ्याच्या गादीवर बसून लाखोंचे व्यवहार करणारा आणि व्यवहार संपताच धर्मग्रंथ उघडणारा तो तरुण गांधीजींच्या मनावर कायमचा ठसला. दक्षिण आफ्रिकेत असताना धर्माविषयी शंका उत्पन्न झाल्या, तेव्हा त्यांनी सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले ते राजचंद्रांकडेच. मणिभवनातील लहान बाहुल्यांची दृश्यमालिका मुलांना फार आवडते. जवळच ऑगस्ट क्रांती मैदान आहे. १९४२ च्या ‘भारत छोडो’ची हाक तेथूनच दिली गेली. त्याच परिसरात आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये सुरू झालेले महावीर जैन विद्यालय आहे.

संध्याकाळ मलबार हिलसाठी ठेवावी. वाळकेश्वरचे बाबू अमीचंद पनालाल आदिश्वरजी देरासर विसाव्या शतकाच्या आरंभीचे. दाराशी दगडी हत्ती, आत संगमरवरी कोरीव काम आणि घुमटात रंगीत राशिचक्र. भाविकांची वर्दळ असते. छायाचित्रांचा मोह आवरून आधी दर्शन घ्यावे. पुढे फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे हँगिंग गार्डन. या बागेखाली शहराला पाणी पुरवणारा जलाशय आहे आणि त्यावर आच्छादन म्हणून १८८१ च्या सुमारास ही बाग केली गेली. पलीकडे कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे. तेथून मरीन ड्राइव्हची कमान दिसते.

तिसरा दिवस : भायखळा, आणि पुढे दोन वाटा

भायखळ्याचे आदिश्वर जिनालय मोतीशा शेठ यांनी बांधले. कार्तिकी आणि चैत्री पौर्णिमेला ज्यांना पालिताण्यास जाणे शक्य होत नाही, असे हजारो भाविक येथे येऊन शत्रुंजयाची भावयात्रा करतात. शत्रुंजयावरची मोतीशांची टूक प्रसिद्धच आहे. कुंतासरची खोल दरी भरून ती बांधली गेली. १८३६ मध्ये शेठजींचे देहावसान झाले आणि पुढच्या वर्षी मुलाच्या हस्ते प्रतिष्ठा झाली.

येथे एक कठीण गोष्टही बोलली पाहिजे. मोतीशांची जहाजे चीनला जात आणि त्या काळी मुंबईच्या चिनी व्यापारात कापसाबरोबर अफू हा मोठा माल होता. शहरातील सर्व धर्मांच्या बड्या घराण्यांची संपत्ती थोड्याफार प्रमाणात त्या व्यापाराशी जोडलेली होती. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा निषेध आहे हे आपण जाणतो. मोठी मुले इतिहासाच्या पुस्तकात अफूच्या युद्धाबद्दल वाचतात. त्यांनी प्रश्न विचारला तर तो टाळू नये. दान थोर होते आणि धनाचा एक मार्ग सदोष होता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आज आपल्या व्यवसायात, आपल्या गुंतवणुकीत कोणती हिंसा दडलेली आहे, हे पाहण्याची सवय याच चर्चेतून लागते. पूर्वजांविषयीचा आदर यामुळे उणा होत नाही.

भायखळ्यातच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि त्याला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. दोन्ही बुधवारी बंद असतात. संग्रहालय १८७२ चे. उद्यानातील दगडी हत्ती हा मूळचा घारापुरीचा; त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले.

यानंतरचा वेळ कसा घालवायचा, हे कुटुंबात कोण आहे त्यावर ठरवावे. पाय धड असतील आणि समुद्राची हौस असेल, तर गेटवेहून लाँचने घारापुरी गाठावी. प्रवास तासाभराचा, पुढे सुमारे एकशेवीस पायऱ्या. सहाव्या शतकाच्या सुमाराची ती भव्य शिवमूर्ती पाहून कोणत्याही धर्माच्या माणसाचे मन स्तब्ध होते. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच थांबतात.

दुसरी वाट बोरिवलीची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोदनपूर त्रिमूर्ती हे दिगंबर जैन क्षेत्र आहे. मध्ये भगवान आदिनाथ, दोन बाजूंना भरत आणि बाहुबली, अशा तीन भव्य खड्गासन मूर्ती झाडीच्या पार्श्वभूमीवर उभ्या आहेत. राज्यासाठी लढलेले दोन भाऊ शेवटी वैराग्याच्या एकाच मार्गावर आलेले येथे दिसतात. उद्यानाच्या आत कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. पावसाचे पाणी साठवण्यासाठी भिक्षूंनी खडकात खोदलेली टाकी अवश्य पाहावीत. उद्यान सोमवारी बंद असते.

निघण्यापूर्वी

लोकल गाडीने फिरायचे असल्यास सकाळी आणि संध्याकाळी कार्यालयीन गर्दीच्या वेळा टाळाव्यात; वृद्ध आणि लहान मुले असतील तर दुपारचा वेळ निवडावा. धर्मशाळेत उतरायचे असल्यास ओळखपत्र आणि आगाऊ नोंदणी आवश्यक आहे. चातुर्मासात गुरुमहाराज जेथे विराजमान असतील त्या उपाश्रयाची माहिती काढून व्याख्यानाचा लाभ घ्यावा.

शेवटची सूचना खर्चाविषयी. तीन दिवसांत खरेदीवर, खेळण्यांवर, टॅक्सीवर बरीच रक्कम जाते. घरून निघतानाच एक लहानसे पाकीट वेगळे काढावे आणि ते मुलांच्या हाती द्यावे. ती रक्कम पांजरापोळीत द्यायची, धर्मशाळेच्या पेटीत टाकायची, की गावी परतल्यावर पाठशाळेच्या कपाटासाठी पुस्तके घ्यायची, हे मुलांनीच पाहिलेल्या स्थळांचा विचार करून ठरवावे. रक्कम कितीही लहान असो, निर्णय त्यांचा असावा. आणि कारण विचारल्यावर ते काय सांगतात ते मोठ्यांनी मन लावून ऐकावे.